ऊडनाडाटा राहिलं

अण्णांनी एस.टी.त एकतीस वर्षं गाडी चालवली, त्यातली निम्म्याहून जास्त साताऱ्याच्या माण तालुक्यात. ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला माझ्याकडे राहायला आले तेव्हा पहिल्या पंधरा दिवसांतच समुद्र, बागा, दुकानं सगळं बघून झालं. मग एका संध्याकाळी जेवण झाल्यावर ते भिंतीवरच्या नकाशापुढे उभे राहिले आणि मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "हितनं रस्ता जातो का गं?"

दोन जातात. एक स्टुअर्ट हायवे, पोर्ट ऑगस्टापासून पार डार्विनकडे जाणारा, गुळगुळीत डांबरी. दुसरा ऊडनाडाटा ट्रॅक, मारी नावाच्या गावापासून मार्लापर्यंत सुमारे ६२० किलोमीटर, सगळा खडी-मातीचा. अण्णांनी दुसरा निवडला.

बेत असा ठरला: ॲडलेडहून फ्लिंडर्सच्या डोंगराकडेने मारी, तिथून विल्यम क्रीक, ऊडनाडाटा, मार्ला, मग वर उलुरू, तो मध्य ऑस्ट्रेलियातला प्रसिद्ध महाखडक, आणि परतताना हायवेने कूबर पीडी. दहा दिवस. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, म्हणजे इथला वसंत. पण उत्तरेकडे वसंत फार दिवस टिकत नाही. निघायच्या दिवशी मारीचा अंदाज ४१ अंश होता. आम्ही जरीकॅनमध्ये साठ लिटर पाणी भरलं, दोन स्टेपन्या घेतल्या, सॅटेलाइट फोन भाड्याने आणला. अण्णांनी स्वतःच्या यादीत तीनच गोष्टी लिहिल्या होत्या: फळी, फडकी, दशम्या.

पहिला दिवस: ॲडलेड ते हॉकर, ४०० किलोमीटर

पोर्ट ऑगस्टाच्या अलीकडे आम्ही क्वॉर्नच्या रस्त्याला वळलो. इथपर्यंत गव्हाची शेतं होती. मग हळूहळू शेतं विरळ झाली, झाडं खुजी झाली, आणि एका टप्प्यानंतर नुसती राखाडी खुरटी झुडपं राहिली.

हा बदल दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी एका माणसाने नकाशावर आखून ठेवलाय. १८६५ मध्ये मोठा दुष्काळ पडला तेव्हा या दक्षिण ऑस्ट्रेलिया वसाहतीचा सर्व्हेयर जनरल, म्हणजे मुख्य भूमापक, जॉर्ज गॉयडर घोड्यावर बसून शेकडो मैल फिरला. दुष्काळ कुठवर पोचलाय आणि झुडपांची जात कुठे बदलते हे बघत त्याने एक रेघ ओढली. रेघेच्या दक्षिणेला पीक घ्या, उत्तरेला घेऊ नका. १८७० च्या दशकात काही वर्षं पाऊस चांगला झाला आणि लोक त्याचं ऐकेनासे झाले. नांगर फिरला की मागोमाग पाऊस येतो, असं तेव्हा छातीठोक सांगितलं जायचं. शेतकरी रेघ ओलांडून वर सरकले, दगडी घरं बांधली, गहू पेरला. पुढच्या दशकात पावसाने पाठ फिरवली. त्यांची घरं अजून आहेत, छपराविना.

क्वॉर्न आणि हॉकरच्या मध्ये कन्याकाचे अवशेष रस्त्याला लागूनच दिसतात. ते शेतकऱ्यांचं नव्हे, मेंढ्यांच्या मोठ्या फार्मचं ठिकाण, १८५२ चं. इथेही दुष्काळात हजारो मेंढरं मेली. अण्णा त्या घराच्या चुलीपाशी बराच वेळ उभे होते. चुलीच्या वरचा दगड धुराने अजून काळा आहे. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"बहात्तर साली आपल्या आळीतली निम्मी घरं अशी झाली असती," ते म्हणाले. "काम निघालं म्हणून राहिली."

१९७२ च्या दुष्काळात अण्णा एकवीस वर्षांचे होते. दुष्काळी कामावर खडी फोडायचे आणि घरी मिलोची लाल भाकरी असायची. ते याबद्दल फारसं बोलत नाहीत. मीही त्या चुलीपाशी पुढे काही विचारलं नाही.

दुसरा दिवस: हॉकर ते मारी, सुमारे २८० किलोमीटर

सकाळी सहाला अण्णा गाडीभोवती फिरत होते. हातात चाकाचा पाना. प्रत्येक टायरवर एक ठोका मारायचा आणि कान द्यायचा. हवा भरपूर असेल तर टण्ण वाजतं, कमी असेल तर बद्द. डेपोतून गाडी काढण्याआधी एकतीस वर्षं हेच केलं. आमच्या गाडीत हवेचा दाब दाखवणारा काटा आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांनी ठोका मारलाच असता.

उजव्या हाताला फ्लिंडर्सच्या रांगा, जांभळ्या आणि मग ऊन चढलं तशा विटकरी. पॅराचिल्नाच्या परिसरातला गेरू पूर्वी या मुलखात फार मोलाचा होता. आदिवासी टोळ्या शेकडो किलोमीटर चालत येऊन तो घेऊन जात. त्यांची वाट झऱ्याझऱ्याने जायची, आणि ती वाट म्हणजेच आज आम्ही निघालो होतो तो रस्ता. हे मला आधी पुस्तकी वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी कळलं की त्यात पुस्तकी काहीच नाही.

ली क्रीकची कोळशाची खाण २०१५ मध्ये बंद झाली, त्यामुळे गावाचा बराच भाग रिकामा आहे. आम्ही डिझेल भरून पुढे निघालो. लिंडहर्स्टला रस्त्यांचा फलक आहे: कुठला ट्रॅक उघडा, कुठला बंद. ऊडनाडाटा ट्रॅकपुढे 'उघडा' होतं. बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड बसतो, कारण ओल्या मातीत एक गाडी फसली की तिच्या चाकोऱ्या पुढे सगळ्यांना नडतात. अण्णांना हा नियम फार पटला.

मारी पाच-सहा रस्त्यांचं गाव. मधोमध जुनं रेल्वे स्टेशन, रुळावर उभी असलेली गंजकी डिझेल इंजिनं, आणि पलीकडे खजुराची झाडं. त्या खजुराजवळ एक छोटी मशीद आहे, मातीच्या भिंती आणि गवताचं छप्पर. जुन्या मशिदीची प्रतिकृती. मूळ मशीद उंटवाल्यांनी बांधलेली, ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या मशिदींपैकी एक.

इथे त्यांना सगळे 'अफगाण' म्हणत, पण त्यातले बरेच बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण होते. १८६६ मध्ये शंभरावर उंट आणि एकतीस उंटवाले जहाजाने पोर्ट ऑगस्टाला उतरले, ते कराचीहून. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. म्हणजे ज्या सरकारच्या कागदांवर साताऱ्याची नोंद, त्याच सरकारच्या बंदरातून हे लोक इथे आले. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते मशिदीच्या दाराशी वहाणा काढून आत गेले आणि जमिनीवर बसले.

रेल्वे, तारेचे खांब, कुंपणाची तार, पीठ, साखर, चहा, सगळं या उंटांच्या पाठीवरून आत गेलं. गावाची मात्र रुळांनी दोन भागांत वाटणी केलेली. एका बाजूला गोरे; दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि आदिवासी. स्मशानातही वेगळे भाग. १९२०च्या दशकात मोटारी आल्या, उंटांचं काम गेलं, आणि कित्येकांनी जनावर मारण्याऐवजी रानात सोडून दिलं. अण्णा म्हणाले, "जित्राबाला कोण मारंल? आपल्या हातानं?"

रात्री अकराला तंबूत ३३ अंश होते. कोणालाच झोप लागली नाही.

तिसरा दिवस: मारी ते विल्यम क्रीक, वळसे धरून २४० किलोमीटर

पहाटे टायरमधली हवा ३६ वरून २६ वर आणली. खडीवर टायर जरा मऊ असावा, नाहीतर धारदार दगड कापतो. गाडी ट्रॅकला लागली आणि सगळं कडकडायला लागलं. रस्ता पन्हळी पत्र्यासारखा. ताशी चाळीसने गेलं तर हाडं खिळखिळी होतात, सत्तरने गेलं तर गाडी पन्हळीच्या माथ्यावरून तरंगत जाते, पण मग ब्रेक लागत नाही. अण्णांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "पासष्टला धर. वळणाआधी लई आदी पाय काढ." दिवसभर तोच वेग योग्य ठरला.

दर अर्ध्या-पाऊण तासाने समोरून एखादी गाडी. लांबून धुळीचा लोट दिसतो, मग काच, मग चालकाचं स्टिअरिंगवरून वर झालेलं एक बोट. इथे प्रत्येक जण प्रत्येकाला असा हात करतो. अण्णांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. एस.टी.वालेही समोरून एस.टी. आली की असाच हात करतात.

मारीनंतर थोड्या अंतरावर डिंगो कुंपण लागतं. जाळीचं कुंपण, माणसाच्या उंचीचं, आणि लांबी सुमारे ५,६०० किलोमीटर. दक्षिणेला मेंढ्या, उत्तरेला गुरं, कारण रानकुत्रा मेंढी मारतो. माणदेशात मेंढरं आणि लांडगा हा विषय घराघरातला आहे, त्यामुळे अण्णा खाली उतरून जाळी हलवून, खांब किती अंतरावर आहेत ते पावलांनी मोजून आले.

काटी थांडा–लेक एअरच्या दक्षिणेकडच्या तळ्यापाशी थांबलो. रस्त्यावरूनच दिसतं: पांढरं, सपाट, क्षितिजापर्यंत. पाणी नव्हतं, मीठ होतं. काटी थांडाचं पात्र हा ऑस्ट्रेलियातला सर्वात सखल भाग, समुद्रसपाटीच्या सुमारे पंधरा मीटर खाली. अरबाना या इथल्या आदिवासी लोकांची ही पवित्र जागा, त्यामुळे तळ्याच्या पात्रात आम्ही उतरलो नाही, काठावरूनच बघितलं.

कर्डिमर्काला जुनी रेल्वे चौकी आहे. तिथे दशम्या खायला थांबलो आणि अण्णा सवयीने पाना घेऊन फिरले. टण्ण, टण्ण, टण्ण, बद्द.

मागचं डावं चाक. बाहेरून धड दिसत होतं. खाली वाकून आतल्या बाजूने पाहिलं तर टायरच्या कुशीत दोन बोटांची चीर, आणि तिथून हवा फुसफुसत होती. असंच पुढे गेलो असतो तर वीसेक किलोमीटरवर, भर वेगात, फुटलं असतं.

साडेअकरा वाजले होते. थर्मामीटर ४२. सावली फक्त चौकीच्या भिंतीची, हातभर. माझा नवरा जॅक लावायला लागला तसे अण्णा म्हणाले, "थांबा जावईबापू, हिला करू द्या. गाडी ही चालवतीया."

मग त्यांनी मला शिकवलं, जसं कधी काळी त्यांना दहिवडी डेपोतल्या मिस्त्रीने शिकवलं असेल. आधी पुढच्या चाकाला दगड. मग गाडी उचलण्याआधी नट अर्धे सैल करायचे, कारण एकदा चाक अधांतरी झालं की ते नटाबरोबर फिरतं. नट इतके तापले होते की बोट टेकवत नव्हतं. फडकी त्यासाठी होती. जॅक मातीत रुतायला लागला, तेव्हा खाली ती फळी. चाक उतरवलं की ते आडवं करून गाडीखाली सरकवायचं, जॅक घसरला तर गाडी आपल्या पायावर नको, चाकावर पडू दे. नवीन चाक बसवलं, नट हाताने घातले, आणि मग आवळताना एक सोडून एक, समोरासमोरचे. "शेजारचा आवळशील तर चाक वाकडं बसंल." माशा डोळ्यांत, नाकात, ओठांवर. घाम येत होता पण दिसत नव्हता, तो कातडीवरच वाळून पांढरा होत होता. चाळीस मिनिटं लागली. शेवटी अण्णांनी नव्या चाकावर ठोका मारला. टण्ण.

आता एकच स्टेपनी उरली होती, आणि पुढे ऊडनाडाटा, मार्ला, उलुरू. तिघांच्याही मनात हिशेब सुरू झाला, पण तिथे कोणी काही बोललं नाही.

पुढे थोड्या अंतरावर डावीकडे एक फाटा आत जातो, तो झऱ्यांचा. मला वाटलं होतं की आता उशीर झालाय, सोडून देऊ. अण्णा म्हणाले, "पाणी हाय म्हनतीस आणि सोडून जायचं?"

उजाड, चॉकलेटी, दगडांनी भरलेलं मैदान. त्यात मातीच्या मोठ्या परातीसारखा एक उंचवटा. लाकडी पायवाटेने वर चढलो. वर एक गोल कुंड, दोन-अडीच वावांचं, काठाला हिरवा लव्हाळा. तळाशी राखाडी वाळू. आणि ती वाळू श्वास घेत होती. आधी मधोमध एक फुगवटा यायचा, हळूहळू वर येऊन फुटायचा, वाळूची वलयं बाजूला सरायची, पाणी थरथरायचं, मग क्षणभर सगळं शांत. पुन्हा फुगवटा. याला बब्लर म्हणतात. शेजारचं ब्लँच कप नावाचं कुंड मात्र आरशासारखं स्थिर. अरबाना सांगतात की इथे कानमारी नावाचा सर्प मारला गेला. बब्लरचं पाणी म्हणजे त्याची तडफड, ब्लँच कप म्हणजे त्याला भाजायची भट्टी, आणि समोरची टेकडी त्याचं डोकं.

हे पाणी ग्रेट आर्टेशियन बेसिनचं. जमिनीखालचा हा जलसाठा सतरा लाख चौरस किलोमीटरांत पसरलाय. पाऊस मुख्यतः पार पूर्वेकडच्या डोंगरांत मुरतो, खडकाखडकातून लाखो वर्षं सरकत येतो, आणि इथे पश्चिम काठाला भेगा सापडल्या की स्वतःच्या दाबाने वर येतो. सोबत आणलेले क्षार काठाला साचतात आणि उंचवटा वाढत जातो. अशा झऱ्यांची एक माळ या मुलखात आहे. आदिवासी गेरू घेऊन याच माळेने चालत. १८५९ नंतर जॉन मॅकडूअल स्टुअर्टने उत्तरेची वाट शोधली ती याच झऱ्यांच्या आधाराने. १८७२ मध्ये ॲडलेड ते डार्विन तार जोडली गेली, तिचे खांब इथूनच गेले. मग वाफेचं इंजिन आलं, त्यालाही पाणी लागतं, म्हणून रूळही इथूनच. १९८० मध्ये ती रेल्वे बंद पडून पश्चिमेकडून नवी गेली, कारण जुन्या मार्गावर रूळ वारंवार वाहून जायचे. राहिला तो हा रस्ता.

मी हे वाचून दाखवत होते. अण्णा पायवाटेच्या कठड्यावर हात ठेवून वाळूकडे बघत होते.

"ह्याला कुणी बोर मारली न्हाई का?"

मारल्या. आसपासच्या मुलखात शेकडो, त्यातल्या कित्येक दशकानुदशकं उघड्या वाहत राहिल्या. साठ्याचा दाब कमी झाला आणि पुष्कळ झरे आटले. आता त्या बोअर बंद करायचं काम सरकारी मदतीने चाललंय. खाणींनाही यातलंच पाणी जातं, आणि आपल्या झऱ्यांचं काय होणार ही काळजी अरबाना उघडपणे मांडत आले आहेत.

"आपल्याकडं तसंच झालं," अण्णा म्हणाले. "माज्या आज्याच्या आडाला बारा पुरुस पानी असायचं. मग ह्यानं दोनशे फूट मारली, त्यानं चारशे. आड गेला." मग थोड्या वेळाने, "हे बगून ठिव. नातवंडांना सांगाय पायजे."

पाण्यात हात घालायला मनाई आहे. त्यांनी घातला नाही. जाताना मात्र कुंडाकडे तोंड करून हात जोडले.

संध्याकाळी कावर्ड स्प्रिंग्जचे जुने खजूर मागे टाकत विल्यम क्रीकला पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता.

चौथा दिवस: विल्यम क्रीक, शून्य किलोमीटर

विल्यम क्रीक म्हणजे १८८७ पासूनचं एक हॉटेल, एक धावपट्टी आणि दहा-बारा माणसं. चोहोबाजूंना ॲना क्रीक, जगातल्या सर्वात मोठ्या गुरांच्या फार्मांपैकी एक. आपल्या अख्ख्या सातारा जिल्ह्याहून ते मोठं आहे.

सकाळी निघायच्या तयारीत असताना हॉटेलातल्या बाईंनी सांगितलं की ऊडनाडाट्याचा रस्ता रात्रीपासून बंद आहे. आम्ही वर पाहिलं. आकाश कोरडं ठणठणीत, ढगाचा तुकडा नाही.

अण्णांनाच आधी उमगलं. "वर झाला आसंल. माणगंगेला असाच लोंढा येतो, गावात थेंब नसताना." तसंच होतं. वरच्या अंगाला वादळी पाऊस झाला होता, नील्स नदीला पाणी आलं होतं आणि तिच्या काठच्या मातीचा चिकट चिखल झाला होता. बाईंना विचारलं, कधी उघडेल? दोन दिवस. किंवा आठवडा.

उरलेली एक स्टेपनी, बंद रस्ता, ४३ अंश. दुपारी वही काढून बसलो. थांबलो तर उलुरूचं आगाऊ दिलेलं भाडं जातं. मागे गेलो तर अण्णांचा ऊडनाडाटा जातो. शेवटी नवऱ्याने बोलून दाखवलं: इथून कूबर पीडीला आडवा रस्ता आहे, १६६ किलोमीटर, तो अजून उघडा आहे. टायर तिथे मिळेल. मला वाईट वाटत होतं. ऊडनाडाटा म्हणजे १९६० च्या २ जानेवारीला ५०.७ अंश नोंदवलेलं गाव, अण्णांना तिथल्या पाटीपाशी उभं राहून फोटो हवा होता. म्हसवडला पाठवायला.

अण्णा म्हणाले, "पुलावर पानी असलं तर गाडी घालायची न्हाई, हे मी कंडक्टरलाबी सांगायचो आणि पाशिंजरलाबी. आता लेकीला सांगतो. चल."

उलुरूला ठेवलेल्या पैशांतले काही आम्ही विमानावर खर्च केले. सहा आसनांचं छोटं विमान, तासाभराचं उड्डाण. वरून काटी थांडा पहिल्यांदा पुरतं दिसलं. मोठ्या तळ्याच्या उत्तरेकडे पाण्याचा गुलाबी पातळ पट्टा, बाकी मीठ. या तळ्याकडे पाणी वाहून आणणारा प्रदेश सुमारे बारा लाख चौरस किलोमीटरांचा, महाराष्ट्राच्या जवळपास चौपट, आणि त्या सगळ्या नद्या समुद्राला न जाता इथे येऊन संपतात. १९७४ मध्ये ते भरलं तसं नोंदीत कधी भरलेलं नाही.

याच मिठावर डोनाल्ड कॅम्पबेलने १९६४ मध्ये ताशी ६४८ किलोमीटर वेगाने मोटार पळवून विक्रम केला. त्याआधीच्या वर्षी तो सगळा लवाजमा घेऊन आला होता, तर नेमका पाऊस झाला, तळ्यात पाणी शिरलं आणि त्याला परत जावं लागलं. अण्णांनी हे दोनदा विचारून घेतलं. खाली उतरल्यावर म्हणाले, "बग, त्याचाबी रस्ता बंद झाल्ता."

पाचवा दिवस: विल्यम क्रीक ते कूबर पीडी, १६६ किलोमीटर

पहाटे साडेपाचला निघालो, ऊन चढायच्या आत मैदान पार करायचं म्हणून. या रस्त्याने भयंकर फुफाटा. पिठासारखी धूळ, खड्डे झाकून टाकणारी. वरून सपाट दिसतं आणि चाक गपकन खाली जातं. एक स्टेपनी हा विचार डोक्यातून जात नव्हता. स्टिअरिंग मी इतकं घट्ट धरलं होतं की बोटं वळली.

मध्ये चहाला थांबलो तर मागून आलेली पहिली गाडी लगेच थांबली. एका म्हाताऱ्या गुराख्याची. काच खाली करून विचारलं, सगळं ठीक? पाणी आहे? हो म्हटल्यावरच गेला. दुसरी गाडी आली, तीही थांबली. इथे उभ्या गाडीला कोणी ओलांडून जात नाही.

मग मून प्लेन आलं. झाड नाही, झुडूप नाही, गवताची काडी नाही, फक्त काळपट चकचकीत दगड. अण्णांनी एक उचलला, तळहातावर वजन केलं, परत त्याच जागी ठेवला. "ही खडी फोडाय लागली असती तर हाताची सालं निघाली असती," एवढंच म्हणाले.

सहावा दिवस: कूबर पीडी

आमच्या मापाचा टायर गावात नव्हता, दक्षिणेहून ट्रकने येणार होता. म्हणजे उलुरू गेलं. काल रात्रीच ते आम्ही मनातून सोडलं होतं, त्यामुळे फोन करून रद्द करायला दोन मिनिटं लागली.

१९१५ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला इथे ओपल हे रत्न सापडलं आणि गाव उभं राहिलं. बाहेर ४४ अंश, आणि आमची खोली जमिनीच्या पोटात, पंचविसाच्या आसपास. भिंतींवर खोदयंत्राच्या दातांच्या गोल रेघा. पंखा नाही, आणि लागलाही नाही. मारीनंतर पहिल्यांदा आम्ही तिघं सलग आठ तास झोपलो.

अण्णांना ओपलपेक्षा पाण्यात जास्त रस. गावचं पाणी २४ किलोमीटरवरच्या बोअरमधून येतं, खारं असतं, ते गोडं करून नळाला सोडतात. शहरात एका ठिकाणी नाणं टाकून टँकर भरता येतो. आम्ही तिथे गेलो तेव्हा एक माणूस भरत होता. अण्णा शेजारी उभे राहिले. भाषा येत नाही, तरी दोघं पाइपाकडे बोट दाखवत, मान हलवत दहा मिनिटं बोलत होते. माणमध्ये उन्हाळ्यात टँकरची वाट बघण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला या बोलण्यात दुभाष्या लागत नाही.

संध्याकाळी ब्रेकअवेज टेकड्या. पांढऱ्या, पिवळ्या, विटकरी. सुंदर आहेत.

सातवा दिवस: कूबर पीडी ते पिंबा, ३७० किलोमीटर

टायर सकाळी आला. डांबरावर चाक लागताच गाडीत एकदम शांतता झाली. ग्लेंडँबोपर्यंत अडीचशे किलोमीटरांत पेट्रोल पंप नाही, घर नाही. मध्ये एका जागी रस्त्यावर पांढरे पट्टे: इथे हायवेच फ्लाइंग डॉक्टरच्या, म्हणजे आडरानातल्या रुग्णांपर्यंत डॉक्टर नेणाऱ्या, विमानाची धावपट्टी होतो. समोरून रोड ट्रेन आल्या, तीन-तीन ट्रेलर, पन्नास मीटरांहून लांब. अण्णा प्रत्येकीचे ॲक्सल मोजत होते. रात्री लेक हार्टच्या काठाजवळ, मिठावर चांदणं पडलेलं पाहत, उरलेला चिवडा संपवला.

आठवा दिवस: पिंबा ते ॲडलेड, ४९० किलोमीटर

पोर्ट ऑगस्टाला गाडी धुतली. लाल पाणी बराच वेळ वाहत होतं. फोनला रेंज आली तेव्हा रस्त्यांची यादी उघडून पाहिली. ऊडनाडाटा ट्रॅक, विल्यम क्रीकच्या उत्तरेला: बंद.

घरी पोचल्यावर अण्णांनी खिशातली छोटी वही माझ्याकडे दिली. एस.टी.त असताना लॉगशीट भरायचे तशीच, रोजची एक ओळ. तारीख, कुठून, कुठे, किलोमीटर. तिसऱ्या दिवशी पुढे लिहिलं होतं, 'मा. डा. चाक. लेकीने बदलले.' चौथ्या दिवशी किलोमीटरच्या रकान्यात शून्य, आणि शेऱ्यात, 'वर पाणी. फेरी स्थगित.'

रद्द नाही, स्थगित. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "रद्द लिवलं की गाडी डेपोत जाती. जूनमदी थंडी आसती न्हवं हितं?"